फियाट-पद्मिनीचं चार्जिंग: डायनामो, कटआऊट आणि अल्टरनेटर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी १९७६ ची पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली, आणि गेली काही वर्षं तिचं इलेक्ट्रिकचं काम मी स्वतःच करतो. ओळखीतल्या जुन्या गाड्यावाल्यांचे फोन येतात ते निम्मे तरी चार्जिंगचेच, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या डायनामोचे किंवा अल्टरनेटरचे असतात आणि प्रश्न तेच तेच, म्हणून सगळे एकदा नीट लिहून काढले. बहुतेक गोष्टी जुन्या अँबॅसेडरलाही लागू पडतात, जिथं फरक आहे तिथं सांगितलंय. एक विनंती सुरुवातीलाच: मीटर लावून मोजल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

माझ्या गाडीत डायनामो आहे का अल्टरनेटर, कसं ओळखायचं?

बोनेट उघडा. लांबट, सिलिंडरसारखा, बंद पत्र्याचा डबा दिसला आणि त्यावर दोनच वायरी असल्या, एक जाड एक बारीक, तर तो डायनामो. आखूड, जाडजूड, ॲल्युमिनियमच्या जाळीदार खिडक्या असलेला दिसला तर अल्टरनेटर. डायनामो असेल तर बोनेटखाली कुठंतरी एक काळी डबी पण असणार, गॅरेजमध्ये तिला सरसकट 'कटआऊट' म्हणतात, खरं तर तिच्यात कटआऊट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) दोन्ही असतात.

१९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात जी फियाट ११०० डी बनायला लागली आणि १९७० च्या दशकात जिचं नाव पद्मिनी झालं, त्या सुरुवातीच्या गाड्या डायनामोवाल्या. शेवटच्या काळातल्या गाड्यांवर अल्टरनेटर दिसतो. पण पन्नास वर्षांत गाडी किती हातांतून गेलीय यावर सगळं अवलंबून, त्यामुळे आरसी बुकातलं वर्ष बघून ठरवू नका, डोळ्यांनी बघा.

स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता) गाडी उभी असताना चार्जिंगचा लाल दिवा लागतो. डायनामो गेला का?

नाही हो. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याच्यावरून लोकांनी चांगले डायनामो काढून भंगारात दिलेत. डायनामोला करंट द्यायला फिरण्याचा वेग लागतो, स्लोवर तो बॅटरीपेक्षा कमी व्होल्टेज देतो, मग कटआऊट उघडतो आणि दिवा मिणमिणतो किंवा लागतो. थोडा ॲक्सिलरेटर दिला की दिवा जायला पाहिजे. गेला, तर ते नॉर्मल आहे.

काळजी कधी करायची ते सांगतो. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नाही: एकतर बल्ब उडालाय नाहीतर डायनामोच्या आत कार्बन (करंट बाहेर काढणारे ब्रश) टेकत नाहीत. रेस करूनही दिवा जात नाही: बेल्ट तुटलाय किंवा डायनामो काही बनवतच नाहीये, आणि बेल्टवर बहुतेक गाड्यांत वॉटर पंप पण असतो म्हणून लगेच गाडी बाजूला घ्या, नाहीतर इंजिन तापेल. रात्री हेडलाईट लावून चालवताना दिवा एकदम मंद, जेमतेम दिसेल इतका जळतो: डायनामो आणि बॅटरीच्या मधे कुठंतरी व्होल्टेज पडतंय, कटआऊटचे पॉइंट (जुळणारे-सुटणारे संपर्क) खराब किंवा टर्मिनल गंजलेलं.

आणि चौथी, धोक्याची. चावी बंद केली, इंजिन बंद झालं, तरी लाल दिवा जळतोय. कटआऊटचे पॉइंट चिकटलेत. बॅटरीचा करंट उलटा डायनामोत चाललाय, वायरी तापून जळू शकतात. तेव्हा विचार करत बसू नका, ताबडतोब बॅटरीचं टर्मिनल काढा. यासाठी जुन्या गाडीत बॅटरीला फिरकीचा कट-ऑफ स्विच लावून घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो, शेकड्यांत येतो आणि गाडी वाचवतो.

बॅटरी सारखी उतरते. सुरुवात कुठून करू?

बॅटरीपासूनच. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, महागडा नको. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या टोकांवर मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. आधी ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या, कारण अर्ध्या मेलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंही रीडिंग फसवतं. भरून, एक दिवस ठेवून पुन्हा १२.२ वर आली तर सेल गेलाय, डायनामोचा काही दोष नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल बघा, भरलेल्या बॅटरीत १२५० ते १२८० यायला पाहिजे, पाच सेल चांगले आणि एक ११५० असला की विषय संपला.

मग गाडी चालू करा, मध्यम रेस, लाईटी बंद. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. आता हेडलाईट लावा, रेस तशीच, १३ च्या वर राहतंय का बघा. १२.५ वरच अडकलं तर चार्जिंग होत नाहीये. १४.८ च्या वर गेलं तर जास्त होतंय, बॅटरीचं पाणी उकळून जाईल, बल्ब पटापट उडतील.

गाडी बंद असताना कोणी करंट खातंय का तेही बघा. मायनस टर्मिनल काढून मीटर अँपिअरवर ठेवून मधे जोडा (असं असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल). मूळ वायरिंगच्या पद्मिनीत कॉम्प्युटर वगैरे काही नाही त्यामुळे रीडिंग शून्याच्या जवळ यायला पाहिजे. आमच्या गाडीत ते ०.४ अँपिअर येत होतं, मी दोन रविवार डायनामो उघडण्यात घालवले आणि शेवटी सापडला तो डिकीचा दिवा, स्विच अडकून बंद डिकीत कायम चालू. म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास, चार दिवसांत बॅटरी झोपणारच.

अर्थिंग अर्थिंग सगळे म्हणतात, ते तपासायचं कसं?

डोळ्यांनी बघून कळत नाही, वरून चकाचक असलेली पट्टी आतून हिरवी असते. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (टर्मिनलवर नाही, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवा, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव-अर्धा व्होल्टच्या वर काही दिसलं तर इंजिनची पट्टी किंवा बॅटरीची केबल बदला. तसंच प्लसच्या बाजूला: गाडी चालू, लाईटी चालू, डायनामोच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत. इथं डायनामोच्या गाडीत मधे कटआऊट आहे म्हणून थोडं जास्त चालतं, पण एक व्होल्ट पडत असेल तर एकेक सांधा मोजत जा, कुठं पडतंय ते सापडतंच.

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा, खारं वारं असलेल्या ठिकाणच्या गाड्यांमध्ये मी आधी अर्थिंगच बघतो. पट्टी बॉडीला जिथं टेकते तिथला रंग पॉलिश पेपरनं खरवडून, आवळून, वरून व्हॅसलीन.

डायनामो खरंच गेलाय का हे गाडीवरच कसं कळेल?

ही टेस्ट लुकास (इंग्लिश कंपनी) पद्धतीच्या डायनामोसाठी आहे, ज्याच्यावर डी (जाड, आऊटपुट) आणि एफ (बारीक, फील्ड) अशी अक्षरं असतात. सुटसुटीत आहे, दहा मिनिटांत होते.

आधी बेल्ट: अंगठ्यानं मधोमध दाबल्यावर साधारण १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. मग डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढा, डी आणि एफ एका छोट्या वायरीनं एकमेकांना जोडा, मीटरची प्लस पिन त्या जोडावर, मायनस डायनामोच्या बॉडीवर. इंजिन स्लोवर चालू करून हळूहळू रेस वाढवा. व्होल्टेज झपकन आणि न थरथरता वर चढायला हवं. २० च्या आत थांबा, इंजिन हजार आरपीएमच्या वर नेऊ नका, कारण आता त्याला आवरायला रेग्युलेटर मधे नाहीये, जास्त पळवला तर वाइंडिंग जळतं.

चढलं तर डायनामो ठणठणीत, दोष डबीत किंवा वायरीत. काहीच आलं नाही तर बहुधा कार्बन. अर्धा-एक व्होल्ट येऊन थांबलं तर फील्ड कॉइल (बॉडीला आतून बसवलेली, न फिरणारी). चार-पाच व्होल्टवर अडकलं तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग). हे आकडे लक्षात ठेवा, वाइंडिंगवाल्याकडे जाताना काय गेलंय हे आपल्याला माहीत असलं की बोलणं सरळ होतं.

कार्बनचा खर्च अगदी किरकोळ. ७ मिलिमीटरच्या खाली झिजले असतील तर बदला, स्प्रिंग ढिली पडलीय का बघा, कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर टेकतात तो फिरणारा तांब्याचा भाग) काळा असेल तर पेट्रोलच्या फडक्यानं आणि बारीक काच-कागदानं साफ करा. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या बरोबरीला आला असेल तर तो थोडा खाली कोरावा लागतो, अर्धा-पाऊण मिलिमीटर, जुने कारागीर करवतीच्या घासलेल्या पात्यानं करतात आणि हे काम बघण्यासारखं असतं. मागच्या बुशला तेलाचं भोक असतं, सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब, जास्त नको, जास्त झालं की ते कॉम्युटेटरवर जातं.

डायनामो दुरुस्त करून आणला, बसवला, तरी चार्ज करत नाही!

पोलराइझ केला का? डायनामोला सुरू व्हायला आतल्या लोखंडात थोडी चुंबकशक्ती उरलेली लागते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, किंवा फील्ड कॉइल काढून ठोकाठोकी झाली, किंवा बॅटरी उलटी लागली, की ती जाते किंवा उलटी होते. उपाय सोपा: एफची वायर डबीवरून सोडवा, बॅटरीच्या प्लसवरून एक वायर घेऊन त्या एफच्या वायरीला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी पडेल. झालं. (निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीत प्लसवरून. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर मायनसवरून.)

कटआऊटच्या डबीत स्क्रू दिसतात, फिरवून व्होल्टेज वाढवू का?

कृपा करून नको. त्या डबीतले दोन किंवा तीन कॉइल एकमेकांवर अवलंबून असतात: एक कटआऊट, जो डायनामोचं व्होल्टेज १२.७ ते १३.३ च्या दरम्यान गेलं की बॅटरीला जोडतो, एक व्होल्टेज सांभाळतो आणि तीन कॉइलच्या डबीत तिसरा करंट. रस्त्यावर कोणीतरी एक स्क्रू पिळून १५ व्होल्ट करून देतो, आठवडाभर सगळं झकास वाटतं, मग डायनामोचं सोल्डर वितळून बाहेर उडालेलं दिसतं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत कव्हरच्या आतल्या बाजूला त्या सोल्डरचे चांदीसारखे थेंब चिकटलेले होते, आणि मालकाला फक्त एवढंच माहीत होतं की 'मागच्याच महिन्यात सेटिंग करून घेतलं'.

पॉइंट साफ करायला हरकत नाही, बॅटरी काढून. कटआऊटच्या पॉइंटला काच-कागदाची बारीक पट्टी, एमरी नाही, नंतर स्पिरिटनं पुसून. तरी रेग्युलेशन जमत नसेल तर आजकाल जुन्याच डबीत इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून मिळतं, बाहेरून गाडी मूळची दिसते आणि आत पॉइंट नाहीत. ज्यांना डायनामो ठेवायचाय त्यांच्यासाठी हा मला सगळ्यात आवडलेला मार्ग.

डबी बदलताना अक्षरं बघा. लुकासच्या डबीवर ए, डी, एफ, ई असतं, फियाटच्या मूळ इटालियन पद्धतीत ३०, ५१, ६७ असे नंबर: ३० बॅटरीकडे, ५१ डायनामोचं आऊटपुट, ६७ फील्ड. अदलाबदल झाली तर पहिल्याच सेल्फला धूर.

मग अल्टरनेटर बसवायचाच का?

हिशोब करा. रात्री, पावसात: हॅलोजन एच-४ डिपर ५५ वॅटचे दोन म्हणजे ११०, पार्किंग-नंबरप्लेट-मीटरचे दिवे ३०, इग्निशन कॉइल ४०, वायपर ४०, ब्रेक आणि इंडिकेटर सरासरी २५. झाले २४५ वॅट, म्हणजे १८ अँपिअरच्या आसपास. लुकासचा सी-४० डायनामो पूर्ण वेगात २२ देतो. म्हणजे पुणे-सातारा हायवेला काही त्रास नाही, उलट चार अँपिअर बॅटरीला मिळतात. पण तीच गाडी जुलैत संध्याकाळी घोडबंदर रोडला एक तास अडकली तर डायनामो जवळपास शून्य, सगळे १८ बॅटरीतून. चाळीस एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी एका तासात अर्धी.

आता यात म्युझिक सिस्टिम, मोबाईल चार्जर आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा (एकटा ८-१० अँपिअर) घाला. डायनामोच्या आवाक्याबाहेर गेलं.

म्हणून माझं मत: गाडी रविवारी सकाळी निघते, मूळचे बल्ब आहेत, तर डायनामो ठेवा. रोज किंवा रात्री-पावसात चालवता, तर अल्टरनेटर बसवा आणि मनात कसलीही खंत बाळगू नका. अल्टरनेटरमध्ये करंट बनतो तो स्थिर भागात, फिरणाऱ्या भागाला फक्त थोडा फील्ड करंट लागतो, जड कॉम्युटेटर नाही म्हणून त्याला छोटी पुली लावून जोरात फिरवता येतं, आणि स्लोवरही तो दिव्यांपुरता करंट देतो. १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंटपासून अमेरिकेत हे सर्रास आलं, कारण एसीचं डीसी करणारे छोटे डायोड तेव्हा स्वस्तात मिळायला लागले.

मधला मार्ग पण आहे: दिवे एलईडी करा. पार्किंग आणि मागचे दिवे एलईडी केले तरी दीडेक अँपिअर वाचतो. इंडिकेटर केले तर जुना गरम होणारा फ्लॅशर चालणार नाही, इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागेल.

कुठला अल्टरनेटर घेऊ?

गॅरेजवाले बहुतेकदा मारुती ८०० किंवा ओम्नीचा बसवतात, आकार छोटा, रेग्युलेटर आतच, पार्ट कुठंही मिळतात. ३५ ते ४५ अँपिअर पुष्कळ झाले. ६५-७० चा घेऊ नका, जुना बेल्ट तेवढी ताकद ओढू शकत नाही, घसरतो आणि किंचाळतो.

बघायच्या गोष्टी. पुली व्ही-बेल्टचीच हवी आणि इंजिनच्या क्रँक पुलीच्या अगदी सरळ रेषेत, पट्टी टेकवून बघा, दोन मिलिमीटर वाकडं असलं तरी बेल्ट कडेनं फाटतो. ब्रॅकेट जाड पत्र्याचं, दोन्ही कान आधारलेले, वेल्डिंग करताना अल्टरनेटर गाडीवर नको. बॉडी आणि चेसिसला नवीन भोक पाडू नका, डायनामोच्याच बोल्टांवर ब्रॅकेट बसतं. इंग्लंडमध्ये हुबेहूब डायनामोच्या आकाराचे अल्टरनेटर बनतात, दिसायला फारच सुंदर, पण मागवायचा खर्च बघून मी तरी नाही घेतला.

जुने पार्ट शोधायला मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात जुना बाजार. टॅक्सीच्या काळात पद्मिनीचे पार्ट ढिगानं मिळायचे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये रजिस्टर झाली, वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती बंद झाली, तेव्हापासून चांगला डायनामो दिसला की मी घेऊन ठेवतो.

वायरिंग कसं करायचं?

अल्टरनेटरच्या जाड बी टर्मिनलवरून नवीन ६ स्क्वेअर एमएमची वायर थेट बॅटरीच्या प्लसला किंवा सेल्फच्या मोठ्या बोल्टला न्या, बॅटरीच्या टोकाजवळ ६० अँपिअरचा फ्यूज टाकून. डायनामोची जुनी वायर २२ अँपिअरसाठी होती, तिच्यावर ४५ चा भार टाकून लोकांनी डॅशबोर्डमागे आगी लावून घेतल्यात. डॅशवर अँमीटर (करंट दाखवणारा काटा) असेल तर त्याच्यातूनही हा करंट नेऊ नका, त्याच्या जागी व्होल्टमीटर जास्त उपयोगाचा.

जुन्या डबीतलं आतलं सगळं सोडवायचं, डबी फक्त वायरी जोडायचा अड्डा म्हणून जागेवर ठेवायची. लाल दिव्याची वायर, जी आधी डीवर होती, ती आता बारीक एफच्या वायरीला जोडा आणि तिचं दुसरं टोक अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला. वेगळं आयजी टर्मिनल असेल तर त्याला चावीनंतरची लाईन, फ्यूजमधून.

दिवा दोन-तीन वॅटचा साधा बल्बच ठेवा. त्याच्यातून जाणाऱ्या करंटवर अल्टरनेटर जागा होतो. तिथं एलईडी टाकला किंवा बल्ब उडाला की गाडी चालू होते पण चार्जिंग सुरूच होत नाही, जोरात रेस केल्यावर कधीतरी होतं, आणि लोक नवीन अल्टरनेटर परत करायला निघतात.

पॉझिटिव्ह अर्थ म्हणजे काय भानगड?

मॉरिस घराण्यातल्या जुन्या इंग्लिश पद्धतीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. फियाटमध्ये मायनस. बाजारातला अल्टरनेटर मायनस अर्थसाठीच, उलटा लावला तर डायोड त्याच क्षणी जातात. आधी गाडीचं अर्थिंग मायनसवर बदलून घ्या: बॅटरी फिरवा, इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करा, अँमीटरच्या पण, जुना रेडिओ असेल तर काढून ठेवा. डायनामोच ठेवणार असाल तर वर सांगितलं तसं नव्यानं पोलराइझ करा.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघतात, ती टेस्ट बरोबर आहे का?

अजिबात करू नका. अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, स्टिरिओ, जे सापडेल ते जातं. डायनामोवरही बल्ब उडतात. मीटर असताना या टेस्टची गरजच काय.

व्हिंटेज नंबरप्लेट घ्यायचीय, अल्टरनेटर चालेल का?

२०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. नियमात मोठा बदल म्हणून चेसिस, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. पण मूळ रूप हा शब्द आहेच, आणि रॅलीत परीक्षक बोनेट उघडून बघतात. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांना, मग स्लोवरच्या ट्रॅफिकचा मुद्दाच फारसा उरत नाही. तिथं डायनामोच शोभतो.

काढलेल्या डायनामोचं काय करू?

टाकू नका आणि भंगारात तर मुळीच देऊ नका. साफ करून, बुशला तेल देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून, डबी आणि मूळ ब्रॅकेटसकट कोरड्या जागी ठेवा, बोल्ट-वॉशर एका पिशवीत त्यालाच बांधून, आणि कुठली वायर कुठं होती त्याचा कागद त्याच पिशवीत. आमचा माळ्यावर आहे, दर दिवाळीच्या साफसफाईत मी पुली हातानं चार वेढे फिरवून ठेवतो.